खाटेशेजारचा मुका पाहुणा

मराठी भाषेने कुत्र्याला फारशा ममतेने वागविलेले नाही. एखाद्याच्या दुर्दशेचे वर्णन करावयाचे तर त्याचे हाल कुत्रासुद्धा खाणार नाही, असे आपण म्हणतो. लाजिरवाण्या मरणाला कुत्र्याची मौत म्हटले जाते आणि सुधारण्याची आशा उरलेली नाही अशा माणसाला त्याच प्राण्याच्या शेपटाची उपमा मिळते. परंपरेने मात्र याच प्राण्याला देवाच्या सान्निध्यात बसविले आहे. दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्रे आहेत, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा आहे, पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आहेत आणि सोबतच्या कुत्र्याला टाकून स्वर्गात पाऊल ठेवण्यास नकार देणारा युधिष्ठिरही आहे. तिरस्कार आणि आदर यांचा असा संगम क्वचितच दुसऱ्या एखाद्या प्राण्याच्या वाट्याला आला असेल. पण रुग्णालय आणि कुत्रा हे शब्द एकत्र आले की आपल्या डोळ्यांपुढे दोनच चित्रे उभी राहतात. एक, व्हरांड्यात खरकट्याच्या शोधात हिंडणारे भटके कुत्रे. आणि दुसरे, चावा घेतल्यानंतर लस टोचून घेण्यासाठी बाह्यरुग्ण विभागापुढे लागलेली रांग.

अशा वेळी, जगातील अनेक रुग्णालयांत शिकविलेला कुत्रा ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, परिचारिकेच्या अनुमतीने रुग्णाच्या खाटेशी नेला जातो, हे ऐकून कोणी 'श्रीमंत देशांचे चोचले' असा शेरा मारला तर त्याला फार दोष देता येणार नाही. ज्या देशात एका खाटेवर दोन रुग्ण आणि खाटेखाली तिसरा असे दृश्य अपरिचित नाही, तेथे कुत्र्याच्या भेटीचा विचार करावयाचा तो कशाला? हा आक्षेप वजनदार आहे. तथापि या पद्धतीचा इतिहास, तिच्यामागील पुरावा आणि तिची शिस्त यांचा नीट परामर्श घेतला, तर तिचा संबंध संपन्नतेपेक्षा एका जुन्या आणि सार्वत्रिक दुःखाशी अधिक असल्याचे दिसून येते. भेटीच्या वेळी ज्याच्याकडे कोणी येत नाही, त्या रुग्णाचे ते दुःख आहे.

जुना धागा

रोग्याच्या सहवासात प्राणी असावेत ही कल्पना आजची नव्हे. प्राचीन ग्रीसमध्ये एपिडॉरस येथे आरोग्यदेवता ॲस्क्लेपिअसच्या मंदिरात रोगी झोपावयास येत. तेथील शिलालेखांत, मंदिरातील कुत्र्याने चाटल्यामुळे एका अंध मुलाला दृष्टी आल्याची नोंद आहे. आज आपण ती श्रद्धेची गोष्ट म्हणून बाजूला ठेवू. पण देवळाच्या आवारात रोगी आणि कुत्रा यांना एकमेकांची बंदी नव्हती, एवढे तरी तीतून कळते.

यानंतरची नोंद अधिक भरवशाची आहे. इंग्लंडमधील यॉर्क येथे क्वेकर पंथीय विल्यम ट्यूक यांनी १७९६ मध्ये मनोरुग्णांसाठी 'रिट्रीट' ही संस्था उघडली. वेड्यांना साखळदंडात जखडण्याचा तो काळ होता. या संस्थेने सौम्य वागणूक हेच उपचाराचे मुख्य साधन मानले आणि आवारात ससे, कोंबड्या असे लहान प्राणी ठेवले. जो स्वतःला सांभाळू शकत नाही असे जग म्हणते, त्याच्या हाती दुसऱ्या एका जिवाचा सांभाळ द्यावा, हा त्यातील विचार होता. पुढे १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही, दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना लहान पाळीव प्राण्याची सोबत हितकर ठरते, असे नमूद केले. रुग्णालयाच्या स्वच्छतेचा आग्रह जगाला शिकविणाऱ्या बाईंचे हे मत आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्यानंतरच्या शतकात रुग्णालये जंतुविरहित झाली, यंत्रे आली, शस्त्रक्रियांना यश येऊ लागले आणि असंख्य प्राण वाचले. या प्रगतीबद्दल कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. पण त्याबरोबर रुग्ण हा 'खाट क्रमांक बारा' झाला. त्याच्या अंगाला होणारा स्पर्श सुईचा, नळीचा किंवा तपासणाऱ्या हाताचा उरला. प्राणी तर आवाराबाहेर गेलेच.

लेव्हिन्सन आणि जिंगल्स

प्राण्यांना पुन्हा आत आणण्याचे श्रेय बऱ्याच अंशी एका योगायोगाला आणि तो ओळखणाऱ्या एका तज्ज्ञाला जाते. बोरिस लेव्हिन्सन हे न्यूयॉर्कमधील बालमानसतज्ज्ञ. १९५३ च्या सुमारास एक आई आपल्या मुलाला घेऊन त्यांच्याकडे नेमलेल्या वेळेच्या बरीच आधी येऊन पोहोचली. मुलगा माणसांपासून दूर, आपल्याच कोषात शिरत चालला होता. आधीच्या उपचारांना यश आले नव्हते आणि त्याला रुग्णालयात ठेवावे असा सल्ला मिळालेला होता. लेव्हिन्सन यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा एरवी रुग्णांच्या वेळेत त्या खोलीत नसे. त्या दिवशी मात्र तो टेबलाशी पहुडलेला होता. दार उघडताच तो धावत गेला आणि मुलाला चाटू लागला. मुलगा घाबरेल अशी धास्ती आईला वाटली. पण तो घाबरला नाही. उलट त्याने जिंगल्सला जवळ घेऊन थोपटण्यास सुरुवात केली. आई त्यांना वेगळे करू पाहत होती. लेव्हिन्सन यांनी तिला खुणेनेच थांबविले. निघताना मुलाने विचारले, या कुत्र्याशी खेळायला पुन्हा येता येईल का?

पुढील कित्येक बैठकींत तो मुलगा जिंगल्सशीच खेळत राहिला. डॉक्टर खोलीत आहेत याची त्याला जणू दखलच नव्हती. हळूहळू कुत्र्यावरील मायेचा थोडा अंश कुत्र्याच्या मालकाकडे वळला, संभाषण सुरू झाले आणि खऱ्या अर्थाने उपचारही तेव्हाच सुरू झाले. येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. कुत्र्याने मुलाला बरे केले, असे लेव्हिन्सन यांनी म्हटले नाही. कुत्र्याने दार उघडले आणि त्या दारातून डॉक्टरला आत जाता आले, असे त्यांचे निवेदन होते.

१९६१ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात त्यांनी हा अनुभव मांडला, तेव्हा सभागृहात हशा पिकला. फीपैकी कुत्र्याला किती टक्के देता, असेही एकाने विचारल्याचे सांगितले जाते. लेव्हिन्सन खचले नाहीत. १९६२ मध्ये त्यांनी कुत्र्याला 'सहचिकित्सक' म्हणणारा लेख प्रसिद्ध केला आणि १९६९ मध्ये याच विषयावर ग्रंथ लिहिला. व्हिएन्नात खुद्द फ्रॉइड यांच्या उपचाराच्या खोलीत जोफी नावाची त्यांची कुत्री बसून असे, ही माहिती सर्वत्र पसरल्यावर हसणाऱ्यांचा आवाज काहीसा खाली आला.

त्यानंतर अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात सॅम्युएल आणि एलिझाबेथ कॉर्सन या दांपत्याने मनोरुग्णालयात हाच प्रयोग केला. त्यांनी कुत्रे पाळले होते ते मुळात प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करण्यासाठी. पण वॉर्डातील काही रुग्णांनी भुंकण्याचा आवाज ऐकला आणि कुत्रे पाहण्याची इच्छा दर्शविली. इतर उपचारांना दाद न देणाऱ्या ५० रुग्णांना मग कुत्र्यांचा सहवास देण्यात आला, आणि त्यांपैकी ४७ जणांत काही ना काही सुधारणा दिसल्याचे या दांपत्याने १९७७ मध्ये नमूद केले. त्यांतील एका रुग्णाची कथा पुढे वारंवार सांगितली गेली. १९ वर्षांचा हा तरुण दिवस दिवस खाटेवर पडून असे आणि प्रश्नांची उत्तरे देत नसे. एके दिवशी त्याच्या खाटेशी एक लहान टेरिअर कुत्रा आणण्यात आला. तरुण कोपरावर उठून बसला, हसला, आणि याला मी कोठे ठेवू शकेन, असे त्याने आपण होऊन विचारले.

तुलनेसाठी दुसरा गट न घेता केलेल्या अशा प्रयोगाला शास्त्र फार मोठे वजन देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्या प्रश्नाचे वजन वेगळे आहे. ज्याची सगळी काळजी इतरांनी वाहावयाची, अशा माणसाने प्रथमच दुसऱ्या कोणाची तरी काळजी वाहिली होती.

पुरावा किती, दावा किती

यापुढील वाढ झपाट्याने झाली. १९७६ मध्ये एलेन स्मिथ या अमेरिकन परिचारिकेने, इंग्लंडमध्ये एका धर्मोपदेशकासमवेत येणाऱ्या कुत्र्याचा रुग्णांवर होणारा परिणाम पाहून, आपल्या देशात या कामासाठी संस्था काढली. ब्रिटनमध्ये १९८३ पासून 'पेट्स ॲज थेरपी' ही संस्था स्वयंसेवकांच्या कुत्र्यांना रुग्णालयांत व वृद्धाश्रमांत पाठवू लागली. १९९१ मध्ये हाँगकाँगमध्ये 'डॉक्टर डॉग' ही योजना सुरू झाली. जपानमधील शिझुओका येथील मुलांच्या रुग्णालयात २०१० पासून एक कुत्रा कर्मचाऱ्यांप्रमाणे रोज कामावर येऊ लागला, आणि त्याला सांभाळण्याचे काम एका परिचारिकेकडेच सोपविण्यात आले.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण तो न समजल्याने पुष्कळ घोटाळा होतो. अंधाला रस्ता दाखविणारा किंवा अपस्माराच्या रुग्णाला मदत करणारा कुत्रा एका व्यक्तीच्या सेवेत असतो; अमेरिकेसारख्या देशात त्याला मालकाबरोबर सार्वजनिक जागी जाण्याचा कायदेशीर हक्क आहे. येथे ज्याचा विचार चालला आहे तो कुत्रा अनेकांना भेट देणारा पाहुणा आहे. त्याला असा कोणताही हक्क नसतो. रुग्णालयाने बोलाविले तरच तो येतो आणि जा म्हटले की जातो.

या पाहुण्याचा उपयोग मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत. १९८० मध्ये एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या ९२ रुग्णांची, घरी परतल्यानंतर वर्षभराची हकीगत प्रसिद्ध केली. ज्यांच्या घरी पाळीव प्राणी होता अशा ५३ जणांपैकी तिघे दगावले. ज्यांच्या घरी नव्हता अशा ३९ जणांपैकी ११ दगावले. आकडे चित्तवेधक आहेत. परंतु प्राणी पाळणारा माणूस मुळातच अधिक हिंडताफिरता आणि कुटुंबवत्सल असण्याचा संभव नाही काय? अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही.

२००७ मध्ये लॉस एंजेलिस येथील विद्यापीठ रुग्णालयातील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याची आखणी अधिक चोख होती. हृदयाची शक्ती क्षीण झालेल्या ७६ रुग्णांचे तीन गट करण्यात आले. पहिल्या गटाकडे स्वयंसेवक आणि कुत्रा, दुसऱ्याकडे नुसता स्वयंसेवक अशी १२ मिनिटांची भेट ठेवली होती. तिसऱ्या गटाकडे कोणीच गेले नाही. कुत्रा आलेल्या गटात फुप्फुसातील रक्तदाब, ताणाच्या वेळी शरीरात स्रवणारी द्रव्ये आणि मनाची अस्वस्थता, ही तिन्ही अधिक उतरली. माणसाची भेट आणि कुत्र्याची भेट यांतील फरक दाखविणारा म्हणून हा प्रयोग महत्त्वाचा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला आणखी एक अमेरिकन अनुभव तर अगदी साधा आहे. अशाच हृदयरुग्णांना रोज थोडे चालविणे आवश्यक असते. पण पूर्वीच्या नोंदींनुसार सुमारे २८ टक्के रुग्ण चालण्यास नकार देत. कुत्र्याला फिरवावयाचे आहे, येता का, असे विचारू लागल्यावर नकाराचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांवर आले आणि चाललेली पावले सुमारे १२० वरून २३५ पर्यंत गेली. यात चमत्कार काहीच नाही. स्वतःच्या प्रकृतीसाठी उठावयास जो तयार नव्हता, तो दुसऱ्यासाठी उठला.

असे का व्हावे, यावर जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये काही प्रकाश टाकला. पाळलेला कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे द्रव्य वाढते, असे त्यांना आढळले. आई आणि तान्हे मूल यांच्यातील जिव्हाळ्याशी संबंधित असलेले हेच ते द्रव्य होय.

पण दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. अमेरिकेतील पाच रुग्णालयांत कर्करोगग्रस्त मुलांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, कुत्र्याची भेट मिळालेली आणि न मिळालेली मुले यांच्या चिंतेच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. ताण कमी झाल्याचे आढळले ते आईवडिलांच्या बाबतीत. म्हणजे कुत्रा हे औषध नव्हे. त्याने गाठ विरघळत नाही, ताप उतरत नाही, आणि तसा दावा करणाऱ्यापासून रुग्णाने दूर राहावे हेच बरे. प्रत्येक नव्या उपचारामागे उत्साही मंडळींचा एक ताफा असतोच. या उपचारालाही तो आहे आणि त्याने पुष्कळदा या कल्पनेचे नुकसानच केले आहे. कुत्र्याचे काम मर्यादित आहे. रुग्णाला उठविणे, बोलविणे, त्याचे लक्ष वेदनेपासून थोडा वेळ दूर नेणे, एवढेच ते आहे. ज्यांनी दीर्घ आजारपण जवळून पाहिले आहे, ते मात्र 'एवढेच' हा शब्द जपून वापरतील.

हात धुण्यापासून सुरुवात

रुग्णालयात प्राणी म्हटल्यावर पहिली शंका संसर्गाची येते, आणि ती रास्त आहे. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात रुग्णांना भेटी देणाऱ्या शंभरावर निरोगी कुत्र्यांची तपासणी करण्यात आली होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार, निम्म्याहून अधिक कुत्र्यांच्या विष्ठेत माणसाला जुलाब घडविणारे एका जातीचे जंतू सापडले. कच्चे मांस खाणाऱ्या कुत्र्यांच्या विष्ठेत साल्मोनेला अधिक प्रमाणात आढळतो, हेही पुढे दिसून आले. या निष्कर्षांनी कुत्र्यांची भेट बंद पडली नाही. तिला नियम मिळाले.

अमेरिकेतील रुग्णालयीन संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये केलेल्या शिफारशी या दृष्टीने वाचण्याजोग्या आहेत. भेटीसाठी फक्त कुत्रेच आणावेत, मांजरे आणू नयेत. कुत्रा किमान एक वर्षाचा असावा. त्याला कच्चे मांस घातलेले नसावे. एका माणसाने एकच कुत्रा सांभाळावा. भेटीचा एकूण काळ एका तासाच्या आत असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कुत्र्याला हात लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर प्रत्येकाने हात स्वच्छ करावेत. मग तो रुग्ण असो, नातेवाईक असो की डॉक्टर. ज्यांची रोगप्रतिकारशक्ती अतिशय खालावली आहे, ज्यांना केसांची ॲलर्जी आहे किंवा ज्यांना कुत्र्याची भीती वाटते, त्यांच्याकडे तो जाणार नाही, हे उघडच आहे. सर्वांच्या आधी रुग्णाला विचारले जाते, आणि त्याने नको म्हटले की विषय संपतो. ज्या जागी सुई टोचताना, कपडे बदलताना किंवा जेवणाची वेळ ठरविताना रुग्णाचे मत क्वचितच घेतले जाते, तेथे एका गोष्टीत तरी त्याच्या 'नको'ला पूर्ण मान मिळतो.

कुत्र्याची निवडही सोपी नसते. जात किंवा रूप यांना तेथे फारशी किंमत नाही. पाहावयाचा असतो तो स्वभाव. शेजारी धातूचे भांडे दणकन पडले, चाकांची खुर्ची अंगावरून गेल्यासारखी जवळून गेली, कुबड्या घेतलेला माणूस वेड्यावाकड्या चालीने पुढे आला, एखाद्या मुलाने कान ओढला, तरी जो शांत राहतो तोच पुढच्या शिक्षणास पात्र ठरतो. जमिनीवर पडलेली गोळी किंवा घास तोंडात न धरणे, अंगावर उडी न मारणे, जखम न चाटणे, हे त्याला शिकवावे लागते. ही अट बहुतेक कुत्र्यांना झेपत नाही, आणि न झेपणाऱ्या कुत्र्याला प्रेमापोटी पुढे ढकलणे हा रुग्णावर आणि त्या कुत्र्यावरही अन्याय होय.

कारण या व्यवहारात कुत्र्याचीही एक बाजू आहे. दहा अनोळखी हातांनी थोपटून घेणे, औषधांच्या उग्र वासात वावरणे, दुःखी माणसांच्या मध्ये निश्चल बसणे, याचा त्यालाही शीण होतो. वारंवार जांभया देणे, ओठ चाटणे, मान वळविणे, दाराकडे पाहणे, या त्याच्या थकव्याच्या खुणा आहेत. त्याला सांभाळणाऱ्याचे पहिले कर्तव्य त्या खुणा वाचण्याचे आहे. तासाची मर्यादा घालून दिली आहे ती केवळ रुग्णाच्या सोयीसाठी नाही. ज्याला बोलता येत नाही त्याच्याकडून सेवा घेताना, त्याची संमती त्याच्या देहावरून वाचावी लागते.

आपल्याकडे काय?

आता मूळ आक्षेपाकडे वळणे प्राप्त आहे. भारतात कुत्रा हा प्रथम भीतीचा विषय आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संशोधकांनी २०२२-२३ मध्ये १५ राज्यांत केलेल्या पाहणीवरून, देशात दरवर्षी सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात, त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक चावे कुत्र्यांचे असतात आणि रेबीजने सुमारे ५,७०० माणसे मरतात, असा अंदाज निघाला. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बस आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारांतून भटके कुत्रे हटविण्याचा आणि ही आवारे सुरक्षित करण्याचा आदेश दिला. ज्या देशात रुग्णालयातून कुत्रे बाहेर काढण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला बोलावे लागते, तेथे कुत्रे आत नेण्याची भाषा विपरीत वाटणे स्वाभाविक आहे.

पण किंचित विचार केला तर या दोन गोष्टींत विरोध नाही. व्हरांड्यातला भटका कुत्रा आत येतो तो निष्काळजीपणामुळे. कुंपण मोडलेले असते, कचरा उघड्यावर पडलेला असतो, आणि कोणावर कसलीही जबाबदारी नसते. शिकविलेला कुत्रा आत येतो तो नियमामुळे. त्याची लस, त्याचे अन्न, त्याची वेळ आणि त्याचा सांभाळणारा, सर्व काही कागदावर असते. पहिला कुत्रा बाहेर काढण्याची क्षमता ज्या संस्थेकडे नाही, तिने दुसऱ्याला आत आणण्याचा विचार करूच नये.

दुसरा मुद्दा अधिक मूलगामी आहे. पाश्चात्य देशांत रुग्ण बराचसा एकटा असतो. आपल्याकडील सरकारी रुग्णालयांत तसे नाही. घरून डबा येतो, कोणीतरी खाटेशेजारी चटई टाकून झोपतो, गावचे लोक मुंबईपर्यंत येऊन विचारपूस करून जातात. या गर्दीबद्दल डॉक्टर तक्रार करतात, पण पाश्चात्यांनी कुत्र्याकडून जे मिळविले ते आपल्या रुग्णाला पुष्कळदा आत्या, मेहुणा आणि शेजारी यांच्याकडून मिळते. तेव्हा परदेशी योजना जशीच्या तशी उचलण्याचे कारण नाही. प्रश्न विचारावयाचा तो असा की, आपल्याकडे ज्याच्याकडे कोणीच येत नाही, असा रुग्ण कोठे आहे?

त्याचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. अशा ठिकाणी बरे होऊनही घरी नेण्यास कोणी न आल्यामुळे राहिलेली माणसे असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. पण कायद्याने हक्क मिळतो, भेटीला येणारा माणूस मिळत नाही. वृद्धाश्रमांत, कुष्ठरोग्यांच्या वसाहतींत, दूरच्या राज्यांतून कर्करोगाच्या उपचारांसाठी परळला येऊन महिनोन् महिने राहणाऱ्या मुलांत हेच एकाकीपण वेगवेगळ्या रूपांनी आहे.

या कामाची सुरुवात भारतात झालेली नाही असेही नाही. मुंबईत 'ॲनिमल एंजल्स फाउंडेशन' ही संस्था शिकविलेल्या कुत्र्यांच्या साहाय्याने मानसोपचाराचे काम करीत आलेली आहे. चेन्नईत 'ब्ल्यू क्रॉस ऑफ इंडिया'नेही असे प्रयत्न केले आहेत. अशा उपक्रमांना आजवर आधार मिळाला तो मुख्यतः व्यक्तींच्या उत्साहाचा. संस्थांच्या शिस्तीची जोड त्याला मिळावयास हवी. त्यासाठी लागणारी सामग्री आपल्या हाताशी नाही असे म्हणता येणार नाही. परळच्या एकाच परिसरात केईएम, टाटा स्मारक रुग्णालय, हाफकिन संस्था आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय ही सर्व शेजारी शेजारी उभी आहेत. नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि मनोरुग्णालय एकाच शहरात आहेत. पशुवैद्य, मानसतज्ज्ञ, परिचारिका आणि संसर्गतज्ज्ञ यांनी एकत्र बसून एखाद्या वॉर्डापुरती लहान योजना आखावी, वर्षभर तिच्या काटेकोर नोंदी ठेवाव्यात, तिच्यातील यशाबरोबर अपयशही प्रसिद्ध करावे, आणि मगच पुढचे पाऊल टाकावे. याला फार मोठा खर्च लागणार नाही. लागेल तो संयम.

मात्र एक धोका आधीच ओळखून ठेवला पाहिजे. परिचारिकांच्या रिकाम्या जागा न भरता, समाजसेवा अधीक्षकाचे पद गोठवून, कुत्र्याबरोबर हसणाऱ्या मुलाचे छायाचित्र दर्शनी भिंतीवर लावावयाचे, हा मोह खासगी आणि सरकारी दोन्ही रुग्णालयांना होऊ शकतो. तसे झाले तर तो कुत्र्याचा आणि रुग्णाचा सारखाच अपमान ठरेल. लेव्हिन्सन यांच्या खोलीत जिंगल्सने दार उघडले, त्याचा उपयोग झाला तो आत जाण्यासाठी लेव्हिन्सन तेथे होते म्हणून. दार उघडल्यावर आत जाणारा डॉक्टर, बोलणारी परिचारिका आणि घरी पत्र लिहिणारा समाजसेवक जर नसेल, तर मुलगा कुत्र्याशी खेळेल आणि पुन्हा आपल्या कोषात परतेल.

म्हणून या योजनेचे यश मोजावयाचे ते कुत्र्याच्या भेटीच्या तासात काय झाले यावरून नव्हे, तर उरलेल्या आठवड्यात काय बदलले यावरून. वर्षानुवर्षे ज्याने कोणाला काही विचारलेले नाही, अशा एखाद्या रुग्णाने 'तो पुन्हा केव्हा येणार?' असे विचारले, तर ती नोंद केसपेपरवर झाली पाहिजे आणि कोणीतरी थांबून त्याला उत्तर दिले पाहिजे. तो प्रश्न कुत्र्याबद्दलचा असला, तरी विचारलेला माणसाला आहे.